एका खेपेत किती ओळी? डेटाबेसच्या टूलमधली एक छोटी सेटिंग



आजचा पाठ डेटाबेस शिकणाऱ्या मुलांसाठी आहे. बीसीए, बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स, डिप्लोमा, कुठलाही कोर्स असू द्या. मुलं एसक्यूएल शिकायला लागली की पहिल्या आठवड्यातच एक गोष्ट घडते. मूल क्वेरी चालवतं, पडद्यावर ५० ओळी दिसतात, आणि वहीत उत्तर लिहितं, "टेबलमध्ये ५० कर्मचारी आहेत." प्रत्यक्षात असतात १०७. क्वेरी बरोबर, टेबल बरोबर, टूलही बरोबर. उत्तर मात्र चुकलेलं.

ही चूक का होते, त्यामागे कोणती सेटिंग आहे, ती कुठे बदलायची, किती ठेवायची आणि वर्गात हे कसं शिकवायचं, ते आपण क्रमाने पाहू. उदाहरणासाठी ओरॅकल कंपनीचं एसक्यूएल डेव्हलपर हे टूल घेतलं आहे. ते फुकट मिळतं, २००६ पासून वापरात आहे आणि बऱ्याच कॉलेजच्या लॅबमध्ये असतं.

एक सूचना आधीच. या पाठात आज्ञा आणि मेनूची नावं देवनागरीत लिहिली आहेत. कॉम्प्युटरवर टाइप करताना अर्थातच ती इंग्रजी अक्षरांत टाइप करायची.

१) टूल आणि डेटाबेस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत

मुलांना पहिल्यांदा हेच सांगावं लागतं. समोर दिसते ती खिडकी म्हणजे डेटाबेस नव्हे. ते एक टूल आहे. डेटाबेस दुसरीकडे असतो. कधी त्याच कॉम्प्युटरवर, कधी लॅबच्या सर्व्हरवर, कधी दुसऱ्या शहरातल्या डेटा सेंटरमध्ये. टूल प्रश्न पाठवतं, डेटाबेस उत्तर तयार करतो आणि ते उत्तर ओळी-ओळींनी टूलकडे येतं.

आता लग्नातली पंगत डोळ्यासमोर आणा. स्वयंपाकघर मांडवाच्या पलीकडे आहे. वाढपी ताटात पुऱ्या घेऊन येतो, वाढतो, संपल्या की परत आत जातो. दोनशे माणसं जेवायला बसली आहेत. वाढप्याने एका वेळी दोनच पुऱ्या आणल्या तर त्याचा सगळा वेळ येण्याजाण्यात जाईल. आणि सगळ्याच्या सगळ्या पुऱ्या एकदम आणायच्या म्हटल्या तर पहिल्या माणसाला तेवढा वेळ रिकाम्या पानाकडे बघत बसावं लागेल, शिवाय ते ताट उचलणारही नाही. म्हणून वाढपी अंदाजाने बेताचं ताट भरतो.

टूल आणि डेटाबेस यांच्यात अगदी हेच चालतं. एका फेरीत किती ओळी आणायच्या हा आकडा ठरलेला असतो. त्याला फेच साइज किंवा ॲरे साइज म्हणतात. आपण या पाठात त्याला "खेपेचा आकडा" म्हणू. मुलांना खेप हा शब्द लगेच कळतो.

२) ५० हा आकडा आला कुठून?

एसक्यूएल डेव्हलपरमध्ये खेपेचा आकडा सुरुवातीला ५० असतो. ओरॅकलच्या सरावासाठी एचआर नावाचा नमुना डेटा मिळतो. त्यात एम्प्लॉइज हे टेबल १०७ ओळींचं आहे आणि डिपार्टमेंट्स हे २७ ओळींचं. शिकवायला ही जोडी फार छान आहे.

आधी डिपार्टमेंट्सवर सिलेक्ट चालवा. रिझल्टच्या वरच्या पट्टीत साधारण असं येतं: "ऑल रोज फेच्ड: २७". म्हणजे सगळ्या ओळी आल्या, एकूण २७.

मग एम्प्लॉइजवर चालवा. आता पट्टीत येतं: "फेच्ड ५० रोज". इथे "ऑल" हा शब्द नाही! म्हणजे ५० ओळी आणल्या, अजून बाकी असू शकतात. माउसने खाली सरकत गेलात की टूल दुसरी खेप करतं आणि आकडा १०० होतो. आणखी खाली गेलात की उरलेल्या ७ येतात आणि तेव्हा कुठे "ऑल रोज फेच्ड: १०७" असं दिसतं.

वर्गात हे प्रत्यक्ष करून दाखवा. तोंडी सांगितलेलं मुलं विसरतात. पण पट्टीतला आकडा ५०, १००, १०७ असा बदलताना पाहिला की पक्कं बसतं. आणि त्या "ऑल" शब्दाकडे बोट दाखवायला विसरू नका. सगळा पाठ त्या एका शब्दात आहे.

३) तीन आकडे, तीन अर्थ

मुलांचा (आणि कधीकधी आपलाही) गोंधळ होतो तो इथे. ओळींच्या संख्येशी संबंधित तीन वेगळे आकडे असतात.

पहिला, खेपेचा आकडा. एका फेरीत किती आणायच्या. यामुळे एकूण उत्तर बदलत नाही, फक्त ते किती फेऱ्यांत येणार ते बदलतं.

दुसरा, टूलने घातलेली कमाल मर्यादा. "काही झालं तरी यापेक्षा जास्त ओळी दाखवणार नाही" असं टूल ठरवतं. उदाहरणार्थ एसक्यूएल डेव्हलपरमध्ये एफ-५ दाबून क्वेरी स्क्रिप्ट म्हणून चालवली, तर छापायच्या ओळींना वेगळी मर्यादा असते, ती सुरुवातीला ५,००० असते.

तिसरा, क्वेरीत आपण स्वतः मागितलेला आकडा. ओरॅकलमध्ये २०१३ साली आलेल्या १२सी आवृत्तीपासून "फेच फर्स्ट १० रोज ओन्ली" असं लिहिता येतं. मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेसमध्ये "लिमिट १०" लिहितात. इथे प्रश्नच बदलतो, म्हणून उत्तरही बदलतं.

पंगतीच्या भाषेत सांगायचं तर: वाढप्याच्या ताटात किती मावतात हा पहिला आकडा. "एका पानावर दहाच्या वर वाढायच्या नाहीत" अशी यजमानाने घातलेली अट हा दुसरा. आणि जेवणारा म्हणाला "मला दोनच पुरे", हा तिसरा. तिन्ही आकडे पुऱ्यांचेच, पण ठरवणारा प्रत्येक वेळी वेगळा.

ओरॅकलच्या टूलमधून मायएसक्यूएल वर्कबेंचवर गेलेली मुलं इथेच फसतात. वर्कबेंच सुरुवातीला "लिमिट टू १००० रोज" या सेटिंगवर असतं. ते आपल्या क्वेरीच्या शेवटी स्वतःहून लिमिट जोडतं. म्हणजे तिथे पहिल्या १,००० ओळींनंतर खाली कितीही सरका, पुढची खेप येणारच नाही, कारण पुढच्या ओळी मागितलेल्याच नाहीत. एसक्यूएल डेव्हलपरमध्ये उरलेल्या ओळी दारात थांबलेल्या असतात. वर्कबेंचमध्ये त्या घरातून निघालेल्याच नसतात. दिसायला दोन्हीकडे सारखंच दिसतं, अर्थ मात्र वेगळा.

४) सेटिंग कुठे आहे?

एसक्यूएल डेव्हलपरमध्ये:

- वरच्या मेनूत टूल्स वर क्लिक करा आणि प्रेफरन्सेस निवडा. (मॅकवर प्रेफरन्सेस हे प्रोग्रामच्या नावाच्या मेनूत असतं.)
- डावीकडच्या यादीत डेटाबेस उघडा, त्याखाली ॲडव्हान्स्ड वर क्लिक करा.
- उजवीकडे "एसक्यूएल ॲरे फेच साइज" अशी चौकट दिसेल. तिथे ५० असेल. जास्तीत जास्त ५०० टाकता येतं.
- आकडा बदला, ओके करा आणि क्वेरी पुन्हा चालवा. फरक दिसला नाही तर कनेक्शन तोडून पुन्हा जोडा.

आता २०० टाकून एम्प्लॉइजवरची तीच क्वेरी चालवा. पहिल्याच खेपेत "ऑल रोज फेच्ड: १०७" आलेलं दिसेल. मुलांना विचारा, "टेबल बदललं का? क्वेरी बदलली का? मग बदललं काय?" उत्तर त्यांच्याकडूनच येऊ द्या.

५) खेपांचं गणित

हा भाग फळ्यावर करून घ्यावा. पाचवी-सहावीचा भागाकार पुरतो.

समजा १०,००० ओळी आणायच्या आहेत. टूल आणि डेटाबेस एकाच लॅबमध्ये असतील तर एका फेरीला १ मिलिसेकंद लागतो असं धरू. डेटाबेस दूरच्या शहरात असेल तर ४० मिलिसेकंद धरू. (हे आकडे गणितापुरते धरलेले आहेत. तुमच्या नेटवर्कचा खरा आकडा वेगळा असेल.)

- खेपेचा आकडा १०: फेऱ्या १,०००. लॅबमध्ये १ सेकंद, दूरवरून ४० सेकंद.
- खेपेचा आकडा ५०: फेऱ्या २००. लॅबमध्ये ०.२ सेकंद, दूरवरून ८ सेकंद.
- खेपेचा आकडा ५००: फेऱ्या २०. लॅबमध्ये ०.०२ सेकंद, दूरवरून ०.८ सेकंद.
- खेपेचा आकडा ५,०००: फेऱ्या २. लॅबमध्ये ०.००२ सेकंद, दूरवरून ०.०८ सेकंद.

हा फक्त येण्याजाण्याचा वेळ आहे. डेटाबेसला उत्तर शोधायला आणि डेटा तारेवरून वाहून न्यायला लागणारा वेळ वेगळा.

यातून दोन गोष्टी मुलांच्या लक्षात आणून द्या. एक, लॅबमध्ये बसून सराव करताना या सेटिंगचा वेळेवर काहीच परिणाम जाणवत नाही, पण हेच काम घरून, दूरच्या सर्व्हरवर केलं की जाणवतो. पुढे नोकरीत बहुतेक वेळा सर्व्हर दूरच असतो. दुसरी गोष्ट, ५० चे ५०० केले तेव्हा ७.२ सेकंद वाचले. ५०० चे ५,००० केले तेव्हा वाचले फक्त ०.७२ सेकंद. दोन्ही वेळा आपण दहापटच वाढवलं, पण दुसऱ्या वेळी फायदा पहिल्याच्या दहाव्या हिश्श्यावर आला. "जितकं जास्त तितकं चांगलं" हा नियम इथे फार दूरपर्यंत चालत नाही.

६) मग सगळं एकदम का आणू नये?

हा प्रश्न वर्गातलं एखादं चुणचुणीत मूल विचारतंच. विचारलं नाही तर आपण विचारावा. उत्तरं तीन.

पहिलं उत्तर मेमरीचं. आणलेल्या ओळी आपल्या कॉम्प्युटरच्या मेमरीत राहतात. एक ओळ साधारण १ केबीची असेल तर ५०० ओळी म्हणजे ५०० केबी, काहीच नाही. पण एकेका ओळीत मोठमोठे मजकुराचे दहा रकाने असतील आणि प्रत्येकात ४,००० बाइट भरलेले असतील, तर एक ओळ ४०,००० बाइटची होते. तशा ५०० ओळी म्हणजे २ कोटी बाइट, साधारण २० एमबी एकाच खेपेत. आणि १ केबीच्या १० लाख ओळी सगळ्या ग्रिडमध्ये ओढल्या तर जवळपास १ जीबी मेमरी जाते. लॅबमधले जुने पीसी तिथेच मान टाकतात. एसक्यूएल डेव्हलपरच्या ग्रिडमध्ये कंट्रोल-एंड दाबलं की टूल शेवटच्या ओळीपर्यंत सगळं आणायला लागतं. मोठ्या टेबलवर हे दाबण्याआधी विचार करायचा, ही सवय मुलांना लावा.

दुसरं उत्तर वाट पाहण्याचं. बहुतेक वेळा आपल्याला सगळ्या ओळी बघायच्याच नसतात. रकाने बरोबर आहेत ना, डेटा कसा दिसतोय, एवढंच पाहायचं असतं. त्यासाठी पहिल्या ५० पुरतात आणि त्या झटकन येतात.

तिसरं उत्तर शेजारधर्माचं. सर्व्हर सगळ्यांचा असतो. ६० मुलांच्या लॅबमध्ये प्रत्येकाने लाखभर ओळी ओढल्या तर कोणाचंच काम पुढे जाणार नाही.

म्हणून माझी शिफारस अशी: रोजच्या सरावासाठी ५० ते १०० ठेवा. सर्व्हर दूर असेल आणि मोठे रिझल्ट पूर्ण आणायचे असतील तर २०० ते ५००. ओळी फार रुंद असतील तर आकडा कमी करा.

७) प्रात्यक्षिक: खेपा मोजून पाहा

खेपा डोळ्यांना दिसत नाहीत, पण मोजता येतात. त्यासाठी ओरॅकलचंच जुनं टूल, एसक्यूएल-प्लस, उपयोगी पडतं. त्यात खेपेचा आकडा सुरुवातीला १५ असतो आणि १ ते ५,००० पर्यंत काहीही ठेवता येतो.

पायरी १: सरावाचं टेबल बनवा. ओरॅकलमध्ये "सिलेक्ट लेव्हल ॲज क्रमांक फ्रॉम ड्युअल कनेक्ट बाय लेव्हल <= १००००" या क्वेरीतून १ ते १०,००० असे आकडे मिळतात. तिच्यापुढे "क्रिएट टेबल सराव ॲज" लावलं की टेबल तयार.

पायरी २: "सेट ऑटोट्रेस ट्रेसओन्ली स्टॅटिस्टिक्स" ही आज्ञा द्या. आता ओळी छापल्या जाणार नाहीत, फक्त आकडेवारी येईल. (यासाठी प्लसट्रेस नावाची परवानगी लागते. लॅब ॲडमिनकडून ती आधीच घेऊन ठेवा, नाहीतर तासाची वीस मिनिटं त्यातच जातात.)

पायरी ३: "सेट ॲरेसाइज १५" करून सराव टेबलवर सिलेक्ट चालवा. आकडेवारीत "राउंडट्रिप्स" अशी ओळ शोधा. साधारण ६६८ आकडा दिसेल.

पायरी ४: ॲरेसाइज १००, ५०० आणि ५,००० करून तीच क्वेरी पुन्हा चालवा. राउंडट्रिप्स अनुक्रमे साधारण १०१, २१ आणि ३ येतील.

मुलांना वहीत तक्ता करायला सांगा: ॲरेसाइज, राउंडट्रिप्स, आणि शेजारी १०,००० भागिले ॲरेसाइज. भागाकार आणि मोजलेला आकडा यांत एक-दोनचाच फरक राहतो. पुस्तकातलं वाक्य आणि यंत्राने दिलेला आकडा जुळतो, तेव्हा मुलांच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसतो, तो पाहण्यासारखा असतो.

हुशार मुलांसाठी पुढचा टप्पा: त्याच आकडेवारीत "कन्सिस्टंट गेट्स" ही ओळ असते. खेपेचा आकडा वाढवला की तीही कमी होते. कारण एका ब्लॉकमधल्या ओळी वेगवेगळ्या खेपांत वाटल्या गेल्या तर डेटाबेसला तोच ब्लॉक पुन्हा उघडावा लागतो. म्हणजे लहान खेपांचा त्रास फक्त नेटवर्कला होत नाही, डेटाबेसलाही होतो.

८) प्रोग्राम लिहितानाही हाच प्रश्न येतो

टूलमध्ये शिकलेलं इथे उपयोगी पडतं. जावामधून ओरॅकलशी बोलताना ड्रायव्हर सुरुवातीला एका खेपेत १० ओळी आणतो. "सेटफेचसाइज" ही मेथड वापरून तो आकडा वाढवता येतो. मोठे रिपोर्ट काढणाऱ्या प्रोग्राममध्ये ही एक ओळ घातल्याने मोठा फरक पडू शकतो.

पोस्टग्रेसचा जावा ड्रायव्हर मात्र अगदी उलट वागतो. काही सांगितलं नाही तर तो सगळा रिझल्ट एकदम मेमरीत आणतो. खेपाखेपांनी हवा असेल तर ऑटोकमिट बंद करावं लागतं आणि फेच साइजही द्यावी लागते. पोस्टग्रेसच्या पीएसक्यूएल या टूलमध्ये "फेच-काउंट" हा चल त्यासाठीच आहे. डीबीव्हर हे टूल सुरुवातीला २०० ओळी आणतं आणि खाली सरकलं की पुढच्या आणतं.

हे आकडे पाठ करायला लावू नका. नवीन टूल हातात आलं की तीन प्रश्न विचारायची सवय लावा: एका खेपेत किती? जास्तीत जास्त किती? आणि सगळ्या आल्या हे मला कुठे कळेल?

९) चार ठिकाणी मुलं फसतात

पहिलं ठिकाण, मोजणी. ग्रिडमधल्या शेवटच्या ओळीचा क्रमांक म्हणजे टेबलमधल्या ओळींची संख्या नव्हे. संख्या हवी असेल तर डेटाबेसलाच विचारायचं: "सिलेक्ट काउंट". मोजायचं काम डेटाबेसचं, डोळ्यांचं नाही.

दुसरं ठिकाण, वेळ. "माझी क्वेरी ०.०२ सेकंदात होते, त्याची ३ सेकंदांत." बरेचदा पहिल्याने फक्त पहिल्या ५० ओळींचा वेळ पाहिलेला असतो आणि दुसऱ्याने सगळ्या ओळींचा. दोन क्वेऱ्यांची तुलना करायची तर दोघांनी सारख्याच ओळी आणायला हव्यात.

तिसरं ठिकाण, क्रम. ऑर्डर बाय लिहिलं नसेल तर "पहिल्या ५०" या शब्दांना काही अर्थ नाही. डेटाबेसला सोयीच्या वाटलेल्या त्या ५० आहेत, एवढंच. सर्वांत जास्त पगाराचे दहा कर्मचारी शोधताना "व्हेअर रोनम <= १०" आणि त्याच क्वेरीत ऑर्डर बाय लिहिलं, तरी उत्तर चुकतं. कारण ओरॅकल आधी कुठल्याही दहा ओळी उचलतं आणि मग त्या दहांनाच क्रम लावतं. आधी क्रम, मग दहा, असं व्हायला हवं.

चौथं ठिकाण, कॉपी. सर्वांत जास्त नुकसान इथे होतं. पडद्यावर जेवढं आलं आहे तेवढंच निवडून एक्सेलमध्ये चिकटवलं, की यादी तिथेच तुटते. आणि तुटलेली यादी तुटलेली दिसत नाही. तिला रकाने असतात, नावं असतात, ती अगदी व्यवस्थित दिसते.

हे फक्त लॅबच्या वहीपुरतं आहे असं वाटत असेल तर इंग्लंडमधलं २०२० सालचं उदाहरण मुलांना जरूर सांगा. कोरोनाच्या काळात तिथल्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेकडे प्रयोगशाळांमधून तपासणीचे निकाल येत होते. ते एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाइलमध्ये भरले जात होते. त्या प्रकारात एका शीटवर ६५,५३६ पेक्षा जास्त ओळी मावत नाहीत. मर्यादा भरली आणि पुढच्या ओळी गळाल्या. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळातले १५,८४१ बाधित रुग्ण रोजच्या आकड्यांत वेळेवर आलेच नाहीत. रुग्णांना त्यांचा निकाल कळला होता, पण त्यांच्या संपर्कात आलेल्या लोकांना शोधून सावध करायचं काम लांबलं. तिथे फेच साइजचा प्रश्न नव्हता, ती फाइलची कमाल मर्यादा होती, म्हणजे आपल्या यादीतला दुसरा आकडा. पण मूळ प्रश्न तोच: जेवढ्या निघाल्या तेवढ्या पोचल्या का, हे कोणी मोजलं?

आता हेच आपल्या शाळेत आणा. शिष्यवृत्तीला पात्र मुलांची यादी काढायची आहे. १०७ मुलं पात्र आहेत आणि यादीत आली ५०. उरलेल्या ५७ मुलांच्या घरी कोणाला कळणारही नाही की आपलं नाव यायला हवं होतं. यादी करणाऱ्याने काही वाईट केलेलं नाही, त्याने फक्त "ऑल" हा शब्द पाहिला नाही. म्हणून मी मुलांना एकच नियम देते: यादी कोणाच्या हातात देण्याआधी काउंट घ्यायचा, आणि यादीतल्या ओळी त्याच्याशी जुळवायच्या. जुळल्या तरच यादी द्यायची.

१०) पालकांसाठी थोडं

तुम्हाला एसक्यूएल येत नसेल तरी चालेल. मूल घरी सराव करत असेल तर शेजारी बसून फक्त विचारा, "हे सगळं आहे का, की अजून आहे? तुला कसं कळलं?" मुलाने पट्टीकडे बोट दाखवून "ऑल लिहिलंय बघ आई" असं सांगितलं, की समजा त्याला पाठ कळला.

हीच सवय इतर ठिकाणीही कामाला येते. बँकेच्या ॲपमध्ये शेवटचे दहाच व्यवहार दिसतात. निकालाच्या वेबसाइटवर पहिलं पान दिसतं आणि खाली "पुढे" असं बटण असतं. पहिलं पान म्हणजे सगळं पुस्तक नाही, हे मुलांना वेळोवेळी दाखवत राहा.

११) वर्गात विचारायचे प्रश्न

प्रश्न १: खेपेचा आकडा १०० आहे आणि टेबलमध्ये १०७ ओळी आहेत. पट्टीत आधी काय दिसेल?
उत्तर: "फेच्ड १०० रोज". खाली सरकल्यावर "ऑल रोज फेच्ड: १०७".

प्रश्न २: खेपेचा आकडा ५० वरून ५०० केला तर "सिलेक्ट काउंट"चं उत्तर बदलेल का?
उत्तर: नाही. मोजणी डेटाबेसमध्येच होते आणि उत्तराची एकच ओळ येते. तिला एकच खेप पुरते.

प्रश्न ३: २,५०० ओळी, खेपेचा आकडा २००. साधारण किती खेपा?
उत्तर: २,५०० भागिले २०० म्हणजे १२.५, म्हणून १३. शेवटची खेप अर्धी भरलेली असेल. प्रत्यक्ष मोजताना एखादी जास्त दिसू शकते.

प्रश्न ४: एका मुलीने क्वेरी चालवली, ५० ओळी पाहिल्या आणि ती डबा खायला गेली. तेवढ्यात दुसऱ्याने त्या टेबलमध्ये बदल करून कमिट केलं. ती परत येऊन खाली सरकली. तिला पुढच्या ओळी जुन्या दिसतील की नव्या?
उत्तर: ओरॅकलमध्ये जुन्याच. क्वेरी सुरू झाली त्या क्षणीचा डेटा ओरॅकल शेवटच्या खेपेपर्यंत दाखवतं. नवा डेटा हवा तर क्वेरी पुन्हा चालवायची. पण मधला वेळ फार गेला आणि जुना डेटा जपून ठेवण्याची जागा पुन्हा वापरली गेली, तर "स्नॅपशॉट टू ओल्ड" अशी एरर येऊ शकते. हा प्रश्न अवघड आहे, वर्गाची तयारी पाहून विचारा.

प्रश्न ५: मायएसक्यूएल वर्कबेंचमध्ये रिझल्ट बरोब्बर १,००० ओळींचा आला. संशय का घ्यावा?
उत्तर: कारण १,००० ही टूलची स्वतःची मर्यादा आहे. रिझल्ट इतक्या गोल आकड्यावर थांबला की एकदा काउंट घेऊन खात्री करावी.

हा शेवटचा प्रश्न मला सर्वांत आवडतो. ५०, १००, २००, १,००० असा गोल आकडा दिसला की मान वर करून "थांबा हं, हे सगळं आहे का?" असं विचारणारं मूल तयार झालं, तर तास सार्थकी लागला असं समजायचं.

स्वाध्याय म्हणून मुलांना लॅबमधल्या तीन टेबलांची नावं द्या. प्रत्येकासाठी पट्टीतला पहिला आकडा, खेपांची संख्या आणि काउंटचं उत्तर असा तक्ता करून आणायला सांगा. तुमच्या वर्गात ६६८ ऐवजी कोणता आकडा आला, मुलांनी आणखी कोणते प्रश्न विचारले, ते जरूर कळवा. पुढच्या पाठात ऑर्डर बाय आणि "पहिले दहा" हाच धागा घेऊन पुढे जाऊ.